फोटो रोज टाकते, मग ऑर्डर का येत नाही?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया असं वाळवण करून विकते. रोज आठ-दहा फोटो ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. लोक 'छान' म्हणतात, ऑर्डर देत नाहीत. दोन ग्रुपमधून तर मला काढून टाकलं. काय चुकतंय?
(एक गृहउद्योजिका, पाचोरा)

ताई, तुमच्या फोटोखाली भाव असतो का? वजन? बहुतेक वेळा अडतं ते इथेच. घेणाऱ्याला 'कितीला?' असं सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो. मग तो 'छान' लिहितो आणि पुढे जातो. भाव, पाकिटाचं वजन, कधी मिळेल आणि कुठे मिळेल या चार गोष्टी फोटोखाली नसतील, तर त्या फोटोचा विक्रीला काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे नातेवाइकांचे आणि शाळेचे ग्रुप विक्रीसाठी वापरू नका. ते लोक वेगळ्या कामासाठी जमलेले असतात, त्यामुळे काढून टाकणाऱ्यांचं फारसं चुकलं नाही. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप सुरू करा. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस एकाच फोनमध्ये चालतात, पण नंबर दोन लागतात. जुनाच नंबर बिझनेसवर न्यायचा असेल, तर आधी चॅटचा बॅकअप घ्या.

त्यातला कॅटलॉग, म्हणजे मालाची यादी, आधी भरा. प्रत्येक पदार्थाची वेगळी नोंद करा : नाव, अर्धा किलोचा भाव, अंदाजे नग किती, किती महिने टिकतो. फोटो सकाळच्या उन्हात, साध्या पांढऱ्या कापडावर काढा. एक फोटो कच्च्या बिबड्याचा, एक तळलेल्याचा. शेजारी ताटली ठेवली की आकार कळतो. ट्यूबलाइटखाली काढलेला बिबडा करडा दिसतो, जुना वाटतो. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापा, कॅटलॉगमध्येही लिहा. अनोळखी गिऱ्हाईक तो बघतं.

मग क्विक रिप्लाय तयार करा. तेच उत्तर दिवसातून वीस वेळा टाइप करण्यापेक्षा '/भाव' एवढं लिहिलं की पूर्ण उत्तर यावं. ते असं असू द्या : 'नमस्कार. ज्वारीचे बिबडे अर्धा किलो इतके रुपये. पाचोऱ्यात घरपोच, बाहेरगावी कुरिअर खर्च वेगळा. ऑर्डर बुधवारपर्यंत दिली तर शनिवारी पाठवतो. पूर्ण पत्ता आणि पिनकोड पाठवा.' ऑर्डर आली की त्या चॅटला लेबल लावा : 'पैसे बाकी', 'पाठवायचं', 'पोचलं'. हंगामात गोंधळ होतो तो लेबल नसल्यामुळे. एकीचे पापड दुसरीला जातात आणि ओळखीतलं गिऱ्हाईक तुटतं.

एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांपर्यंत नावं घालता येतात, पण निरोप पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. पाठवून उत्तर येत नाही याचं मोठं कारण हेच. म्हणून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला : 'हा नंबर सेव्ह करा, पुढच्या घाण्याची तारीख कळेल.' महिन्यातून दोन-तीनदाच पाठवा. रोज पाठवलं तर लोक ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी केलं तर नंबरच बंद होऊ शकतो. रोजचं दाखवायला स्टेटस आहे. ते 24 तासांनी आपोआप जातं, कुणाला त्रास नाही.

बिबडे पाठवताना पिशवी नको. कडक पुठ्ठ्याचा खोका घ्या, वर-खाली कागदाचे गोळे भरा. चुरा झालेल्या पाकिटाचा एक फोटो कुणी टाकला, की वर्षभराची मेहनत वाया जाते.

प्रश्न : आमच्या केळी उत्पादकांच्या ग्रुपवर दिवसभर सुप्रभात आणि देवाचे फोटो येतात, त्यात भाव हरवतात. कधी खोटा भावही फिरतो. व्यापारी थेट फेसबुकवर मिळेल का?
(एक शेतकरी, रावेर तालुका)

दादा, ग्रुप सेटिंगमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन निरोप पाठवतील' हे चालू करा आणि गप्पांसाठी दुसरा ग्रुप ठेवा. अ‍ॅडमिन दोन-तीन जण असावेत, एकट्यावर भार नको. भाव टाकायची पद्धत ठरवून घ्या : तारीख, बाजार, मालाची प्रत, क्विंटलचा भाव, आणि माहिती कुणाकडून. तारीख नसलेला भाव टाकूच नका. जुना स्क्रीनशॉट चार दिवसांनी फिरतो आणि त्यावर विसंबून कुणीतरी सौदा मोडतो. निरोपावर दोन बाणांचं 'अनेकदा फॉरवर्ड' असं चिन्ह दिसलं, तर आधी बाजार समितीत फोन करा.

व्यापाऱ्यासाठी फेसबुकवर टाकताना 'केळी विकणे आहे' एवढं पुरत नाही. मृगबाग की कांदेबाग (म्हणजे लागवड कोणत्या हंगामाची), झाडं किती, घडाचं सरासरी वजन, कापणीचा आठवडा आणि ट्रक बांधापर्यंत येतो का, हे लिहा. पावसाळ्यात तर रस्त्याची माहिती भावाइतकीच महत्त्वाची. बागेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, त्यात दोन-तीन घड जवळून दिसू द्या. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. परराज्यातल्या खरेदीदाराला ते जरूर सांगा.

आता धोका. कोणी 'इसार पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' म्हणालं, तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

प्रश्न : दुकानाच्या रीलमध्ये अहिराणी बोलावं की शुद्ध मराठी?
(एक भांडी विक्रेता, धुळे)

अहिराणीच बोला. 'आम्हना दुकानमा या' हे ऐकताच आपला माणूस थांबतो. पडद्यावरची अक्षरं मात्र प्रमाण मराठीत ठेवा, म्हणजे नाशिक-पुण्याच्या माणसालाही भाव आणि पत्ता कळेल. फोन उभा धरा. पहिल्या तीन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे, नमस्कार नंतर. अक्षरं अगदी खाली नकोत. तिथे इन्स्टाग्रामचं कॅप्शन येतं. पंखा बंद करून रेकॉर्ड करा. बिझनेस खात्याला सगळी सिनेगाणी वापरता येत नाहीत, तेव्हा स्वतःचा आवाजच ठेवा.

प्रश्न : भाऊबंदांच्या ग्रुपवर शब्दाला शब्द लागून भांडणं होतात. काकांच्या निधनाची बातमीही आम्हाला ग्रुपवरच कळली. याला काही नियम?
(एक वाचक, शहादा)

निधन, आजारपण, लग्न ठरणं हे आधी फोनवर, मग ग्रुपवर. जवळच्या चार-पाच घरांना फोन झाल्याशिवाय कोणी लिहायचं नाही, एवढं मोठ्यांनी ठरवून द्यावं. लग्नाची पीडीएफ पत्रिका तारखेच्या आठवणीसाठी ठीक. पण तिच्या भरवशावर राहिलात तर मानाची माणसं रुसतात, आणि ते रुसणं रास्त आहे. जमिनीची वाटणी, उसने पैसे, सूनबाईंबद्दलचं बोलणं ग्रुपवर नकोच. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. वाचणारा आपल्या रागाचा सूर लावतो. चुकून गेलेला निरोप 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो, पण तोवर वाचून झालेला असतो. वाचायला त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांना मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवा.

आणखी एक. 'माझा नवा नंबर आहे, अडचणीत आहे, पैसे पाठवा' असा निरोप नातेवाइकाच्या फोटोसह आला, तर जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐका. घरातल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिनची दुहेरी सुरक्षा लावा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मधेच थांबवता येण्याची शक्यता जास्त.