मीठ नव्हे, मिठाची चढउतार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

"मिठात जिवाणू जगतच नसतील तर मी करू तरी काय?" तुमच्या मासळी कारखान्याचं सांडपाणी जिवाणूंकडून साफ करून घेताना अडलीस म्हणून लिहिलेलं हे तुझं वाक्य मला खटकलं. अगं, समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि तिथेही अमोनियाचं नायट्रेट बिनबोभाट होतं. काळ्या समुद्रात तर अमोनिया आणि नायट्राइट मिळून थेट नायट्रोजन वायू करणारे अ‍ॅनामॉक्स जिवाणू सापडलेत. मीठ मारत नाही. मिठाची चढउतार मारते.

तुमच्याकडे कोळंबी-माकूळ धुतल्याचं पाणी दिवसभर येतं आणि रात्री कोणीतरी ब्राइनची, म्हणजे कडक मिठाच्या पाण्याची, टाकी एकदम सोडतं. खाऱ्या पाण्यात तगायला जिवाणू पेशीत ग्लायसीन बीटेनसारखे पदार्थ साठवतो. सकाळी गोडं पाणी आलं की तेच बाहेर टाकतो. रोज ही कसरत केल्यावर वाढायला त्याच्यात उरतं काय? त्यात नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे, मुळातच सावकाश वाढतात. तुझ्या रिपोर्टात अमोनिया उतरतोय, पण नायट्राइट साचतोय. म्हणजे दुसरी फळी, नायट्राइट खाणारी, आधी कोलमडली. ती जास्त नाजूक. डब्यातली कल्चर पावडर ओतून ती उभी राहणार नाही.

इक्वलायझेशन टाकी, जिथे येणारं पाणी साठून एकसारखं होतं, ती मोठी कर. ब्राइन थेंबाथेंबाने सोड. मला यावरून हट्टी म्हणायचे. एका कारखान्यात जागा नाही म्हणून माझी टाकी अर्धी केली आणि पुढे जिवाणूंचा गाळ मेला की जाब मात्र मलाच विचारायचे. मी तेव्हा बरोबर होतो, आजही तेच सांगेन.

आणखी एक. मिठातल्या क्लोराइडमुळे सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा आकडा, फुगून दिसतो. क्लोराइड बांधायला मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घालतात का, लॅबला विचार. नाहीतर कागदावर कार्बन भरपूर आणि अ‍ॅनॉक्सिक (ऑक्सिजनविना चालणाऱ्या) टाकीतले नायट्रेटचा वायू करणारे जिवाणू उपाशी, मग नायट्रेट जाणार कसा? अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, बघ: 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे (कॅल्शियम कार्बोनेटमध्ये मोजून) 7 ग्रॅमच्या वर खर्च होते, त्यातली निम्मी विनायट्रीकरणात, म्हणजे नायट्रेटचा वायू होताना, परत मिळते.

पण हे सगळं नंतर. मिठाचा आकडा स्थिर झाल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नकोस. तू हुशार आहेस, पण घाई फार करतेस. सोमवारी मला अमोनियाचे आकडे नकोत. इक्वलायझेशनच्या तोंडाशी आणि हवा देतात त्या एअरेशन टाकीत, दोन्हीकडची तासातासाची कंडक्टिव्हिटी (मिठाचा अंदाज देणारी पाण्याची विद्युतवाहकता) पाठव, रात्रपाळीसकट.