पोलाद शोधताना ‘झाले’ सापडते: यांडेक्सविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गूगल जगभर पोचले, तरी रशियात यांडेक्स हे तिथले शोधयंत्र कसे टिकले? सरकारने गूगलला अडवले म्हणून का?

उत्तर : निदान सुरुवात तरी तशी नव्हती. यांडेक्स २३ सप्टेंबर १९९७ रोजी मॉस्कोतल्या सॉफ्टूल प्रदर्शनात जाहीर झाले. गूगल कंपनी स्थापन झाली त्याच्या पुढच्या वर्षी. अर्काडी वोलोझ आणि इल्या सेगालोविच हे शाळासोबती त्याआधीपासून पेटंटांच्या वर्गीकरणात शब्द शोधून देणारी प्रणाली करत होते. खरी भिंत भाषेची होती.

रशियन नामाला ६ विभक्त्या आणि २ वचने. मराठीतही ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसात’ असलेले पानही हवे असते, पण शेवटची अक्षरे छाटून ते हाती लागत नाही, कारण बदल शब्दाच्या पोटात झालेला असतो. रशियनमध्ये ‘ओक्नो’ म्हणजे खिडकी, आणि ‘खिडक्यांचा’ म्हणताना होते ‘ओकोन’. शेपूट छाटून उरलेले ‘ओक्न’ त्यात कुठेच नाही. म्हणून कोश लागतो. आंद्रेई झालिझन्याक यांच्या १९७७ च्या व्याकरणकोशात सुमारे १ लाख शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या नमुन्याने चालवायचा याची खूण आहे. यांडेक्सने हाच पाया घेतला. कोशात नसलेले आडनाव किंवा नवा शब्द आला, की ज्या ओळखीच्या शब्दाचा शेवट त्याच्याशी जुळतो त्याच्यासारखा तो चालवायचा. कधी फसते, पण बहुतेकदा जमते.

याची किंमतही आहे. ‘स्ताल’ म्हणजे पोलाद, ‘स्ताली’ म्हणजे पोलादाचे. पण ‘ते झाले’ हेसुद्धा ‘स्ताली’च! पोलाद शोधावे तर ‘झाले’वाली बातमीपत्रेही जाळ्यात येतात. अशा वेळी शब्दाला चिकटून, मध्ये जागा न सोडता, आधी उद्गारचिन्ह टाकावे. मग फक्त तेच रूप शोधले जाते. यांडेक्सवर आपली जाहिरात कोणत्या शोधशब्दांवर दिसावी हे निवडतानाही हीच खूण चालते, आणि ती विसरणाऱ्याचे पैसे भलत्याच शोधांवर जातात.

प्रश्न : जुनी रशियन पाने उघडली की अक्षरे रशियनच दिसतात, पण मजकूर निरर्थक. असे का?

उत्तर : एकच अक्षर वेगवेगळ्या क्रमांकांवर बसवणाऱ्या संकेतमाला एकाच वेळी चालत होत्या: युनिक्सवर कोई-८, विंडोजवर १२५१, डॉसवर ८६६. १२५१ मध्ये लिहिलेले कोई-८ म्हणून वाचले की लहान-मोठी अक्षरे उलटतात. ‘प्रिवेत’ (नमस्कार) चे पहिले अक्षर लहान आणि बाकी मोठी होऊन ‘ओपख्बेर’सारखे काहीतरी दिसते. हे उलटेपण दिसले तर बहुधा हीच जोडी चुकली आहे. ब्राउझरमध्ये तशी सोय असेल तर संकेतमाला बदलून पाहावी. कोई-८ ची रचना मात्र हुशारीची: वाटेत अक्षराच्या आठ बिटी क्रमांकातला आठवा बिट गळाला तरी रोमन अक्षरांत शब्द वाचता येतो.

शोधयंत्राचा अंदाज चुकला तर ते पान निरर्थक शब्दांखाली नोंदले जाते आणि कधीच सापडत नाही. पानावर दिलेली संकेतमालेची घोषणा नेहमी खरी नसे, म्हणून अक्षरांची वारंवारता मोजणे हा उपाय. रशियनमध्ये ‘ओ’ सर्वाधिक येतो. चार शब्दांच्या पानावर मात्र ही मोजणी डळमळते.

प्रश्न : यांडेक्सचे पोर्टल कधी झाले, आणि आता ते कोणाचे?

उत्तर : २००० साली यांडेक्स ही स्वतंत्र कंपनी झाली, रु-नेट होल्डिंग्ज या गुंतवणूक कंपनीने ५२.८ लाख डॉलरना ३५.७२ टक्के हिस्सा घेतला, आणि मेल, बातम्या वगैरे जोडले गेले. २००१ मध्ये शब्दांवर विकली जाणारी ‘डायरेक्ट’ जाहिरातसेवा आली. पोटापाण्याची सोय तिने केली. पोर्टलचा बाकी थाट त्यावर उभा. २०११ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदणी.

पुढे धोका आला तो फोनमधून. अँड्रॉइडवर गूगल आधीच बसवलेले असे. २०१५ मध्ये यांडेक्सने रशियाच्या स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली, गूगलला ४३.८ कोटी रूबल दंड झाला आणि २०१७ च्या तडजोडीत शोधयंत्र निवडण्याची चौकट मान्य झाली. तेव्हा सरकारी यंत्रणा कामी आली हे खरे. पण २००९ पासूनच सरकारी स्बेरबँकेकडे मोठा हिस्सा विकण्यावर नकाराधिकार देणारा ‘सुवर्ण समभाग’ होता, आणि २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने बातम्यांची निवड नोंदणीकृत माध्यमांपुरती आक्रसली.

२०२२ मध्ये बातम्या आणि मुखपृष्ठ व्हीके या रशियन समाजमाध्यम कंपनीकडे गेले. २०२४ मध्ये डच मूळ कंपनीने रशियातला व्यवसाय रशियन खरेदीदारांना विकला. जाहीर किंमत ४७५ अब्ज रूबल होती. २०२२ च्या त्या सौद्यापासून यांडेक्स डॉट आरयू टंकले की व्हीकेकडे गेलेल्या ‘झेन’ या लेख-बातम्यांच्या सेवेचे पान उघडते. शोधाची चौकट ‘ya.ru’ (या डॉट आरयू) ह्या पत्त्यावर आहे.