ओपॉसमच्या आतड्यातला पट्टकृमी ओळखताना

आधी डोकं सांभाळ, म्हणजे कृमीचं. मेलेल्या ओपॉसमचं (अमेरिकेतला पिशवीवाला सस्तन प्राणी) आतडं उभं कापलं की लांब फीत दिसते आणि हात चिमट्याकडे जातो. ओढू नकोस! स्कोलेक्स, म्हणजे कृमीचं डोकं, आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं, मान तुटते आणि हातात नुसती खंडांची माळ उरते. त्याऐवजी आतड्याचा तो तुकडा कृमीसकट पाण्यात, फ्रिजमध्ये काही तास ठेव. कृमी सैल पडला की सुईने हळूच सोडव. जिवंत कृमी थेट फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायचं द्रावण) टाकलास तर आकसून गोळा होईल. आणि डीएनएसाठी एक तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवच, कारण फॉर्मलिनने डीएनए खराब होतो.

मग स्कोलेक्स बघ. चार गोल चूषक (चिकटून राहायच्या वाट्या) असतील तर बहुधा पट्टकृमींचा सायक्लोफिलिडी गट. चूषकांऐवजी दोन लांबट खाचा असतील आणि जननछिद्रं खंडाच्या कडेला नसून मधोमध असतील, तर स्पायरोमेट्रा या दुसऱ्या गटातल्या पट्टकृमीची शंका घे. डिडेल्फिस या वंशाच्या ओपॉसममध्ये मॅथेव्होटेनिया हा पट्टकृमी बऱ्यापैकी भेटतो: चूषक चार, पण आकडे (हुक) नाहीत, रोस्टेलम म्हणजे डोक्याच्या टोकावरचा उंचवटाही नाही. जननछिद्रं कधी डावीकडे, कधी उजवीकडे, क्रम काही नाही. पिकलेल्या खंडात गर्भाशय उरत नाही, प्रत्येक अंडं स्वतंत्र कोशात असतं. हे सगळं कार्मिन या लाल रंगाने रंगवल्याशिवाय नीट दिसत नाही. प्रजातीसाठी वृषणांची संख्या मोजावी लागते, कंटाळवाणं काम आहे. नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून कुणी प्रजातीचं नाव सांगितलं, तर मी तरी मानणार नाही.

हातमोजे मात्र हवेतच. डिडेल्फिसच्या गुदग्रंथींत चागास रोगाचा परजीवी असू शकतो.