गिरण्या दक्षिणेकडे खरोखर ‘गेल्या’ का?

प्रश्न : अमेरिकेचा सुती कापडउद्योग ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातून दक्षिणेकडील राज्यांत गेला, असे वाचनात आले. देश एक, चलन एक, कायदे एक, मधे जकातीची भिंत नाही. मग एखादा उद्योग आपली जागा का सोडतो? स्वस्त मजूर हे एकच कारण मानावे का?

उत्तर : स्वस्त मजूर हे मोठे कारण होते, परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील मजुरी उत्तरेपेक्षा कमीच होती आणि कापूसही तिथल्याच शेतांत पिकत होता. तरीही १८८० साली देशातील बहुतेक चात्या, म्हणजे सुताला पीळ देऊन ते गुंडाळणाऱ्या यंत्रातील सळ्या, न्यू इंग्लंडमध्येच फिरत होत्या. म्हणून विचारायला हवे ते असे, की हा स्वस्त मजूर इतकी वर्षे गिरणीमालकांच्या उपयोगी का पडला नाही?

न्यू इंग्लंडला बांधून ठेवणाऱ्या दोन गोष्टी होत्या, पाणी आणि हातातील कसब. मेरिमॅक नदीच्या धबधब्याशेजारी १८२०च्या दशकात लोवेल हे गिरणगाव वसले, कारण पाणचक्कीची शक्ती नदीपासून फार दूर नेता येत नव्हती. पुढे वाफेची इंजिने आली तरी ‘म्यूल’ या यंत्रावर सूत कातणारा कारागीर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होई आणि असे कारागीर उत्तरेतच होते. ‘रिंग’ पद्धतीच्या चात्यांनी ही अट सैल केली, कारण त्या चालवायला नवशिक्या मुलींनाही थोड्या दिवसांत शिकवता येई. १८९०च्या दशकात धोट्यातील रिकामी कांडी आपोआप बदलणारा नॉर्थ्रॉप माग आला आणि एक विणकर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माग सांभाळू लागला. हा माग मॅसॅच्युसेट्समध्येच तयार होत असे, म्हणजे दक्षिणेला स्पर्धेत उभे करणारी यंत्रे उत्तरेनेच विकली. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील कॅटॉबा नदीवरील जलविद्युत तारांवरून दूरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचू लागली. कोरड्या हवेत सूत तुटते, ही अडचणही हवेत ओलावा राखणाऱ्या यंत्राने दूर होऊ लागली; ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोगच मुळी नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथील गिरणी-अभियंता स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये केला. कसब यंत्रात उतरले आणि शक्ती तारेवरून वाहू लागली, तेव्हा कुठे मजुरीतील फरक निर्णायक ठरला.

‘कायदे एक’ हे आपले गृहीतही तपासून पाहावे लागेल, कारण कामगार कायदे मुख्यतः राज्यांचे होते. मॅसॅच्युसेट्सने १८७४ मध्येच स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांची मर्यादा घातली. दक्षिणेतील राज्ये बराच काळ मागे राहिली. १९१६ मध्ये केंद्राने बालमजुरीविरोधी कायदा केला, पण नॉर्थ कॅरोलिनातील एका कापडगिरणीतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९१८ मध्ये रद्द ठरवला. देशव्यापी किमान वेतन यायला १९३८ साल उजाडले, आणि तोपर्यंत चात्यांच्या संख्येत दक्षिण पुढे निघून गेली होती. मुलांच्या श्रमाची ही किंमत हिशेबात न धरता दक्षिणेच्या ‘कार्यक्षमते’चे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते.

‘उद्योग गेला’ या शब्दांनी मात्र दिशाभूल होते. काही उत्तरी कंपन्यांनी दक्षिणेत शाखा काढल्या हे खरे, परंतु प्रामुख्याने घडले ते असे, की नव्या गिरण्या नव्या यंत्रांसह तिकडे उभ्या राहिल्या आणि इकडच्या जुन्या गिरण्यांत नवे भांडवल घालणे मालकांना परवडेनासे झाले किंवा नकोसे झाले. कामगार तर बहुतांशी गेलेच नाहीत. उत्तरेतील गिरण्यांत आयर्लंड, क्वेबेक, पोलंड, इटली येथून आलेली कुटुंबे होती; दक्षिणेतील कामगार जवळच्या शेतांतून आणि अ‍ॅपलाचियन डोंगरांतून आले, आणि यंत्रावरील कामे गोऱ्यांसाठीच राखलेली असल्यामुळे १९६०च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीयांना त्या प्रगतीच्या दाराबाहेरच ठेवले गेले. म्हणून कोणत्याही औद्योगिक गावाची स्थिती जोखताना कारखान्याला कुलूप कधी लागले यापेक्षा तिथे शेवटचे नवे यंत्र कधी बसले, हे मी आधी पाहीन.

प्रश्न : मागे राहिलेल्या गावांचे काय झाले?

उत्तर : सर्वांचे सारखे झाले नाही. न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहर अ‍ॅमॉस्केग या एकाच प्रचंड गिरणीवर जगत होते आणि ती १९३५ मध्ये बंद पडली. दुसऱ्याच वर्षी तिथल्या नागरिकांनी कंपनी स्थापन करून ५० लाख डॉलरना ती मालमत्ता विकत घेतली आणि तिचे भाग पाडून अनेक लहानमोठ्या उद्योगांना दिले. लोवेलच्या गिरण्यांचा परिसर १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. दक्षिणेतील गिरणगावांवरही पुढे हीच पाळी आली. तिथले कापड विणण्याचे काम मात्र देशाबाहेर गेले.