कोर्सचं नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

भोसरीच्या कारखान्यात 21 वर्षं काढलेल्या, आधी ग्राइंडिंग आणि मग इन्स्पेक्शन केलेल्या 47 वर्षांच्या वाचकांचं पत्र आहे. व्हीआरएसचे सगळे मिळून 24 लाख हाती आलेत, त्यातले अडीच लाख डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सला घालू का, असं ते विचारतात. क्लासवाले म्हणतात, सहा महिन्यांत हिंजवडीत नोकरी. शेवटी एक ओळ आहे: ‘सहा लाख बँकेतून एका योजनेत टाकलेत, एफडीसारखीच आहे, त्याची काळजी नाही.’

काळजी नेमकी तिथेच आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ‘प्रीमियम भरण्याची मुदत: 10 वर्षे’ या ओळीभोवती तुम्हीच पेन्सिलीने गोल केलाय, म्हणजे शंका तुम्हालाही आली होती. सहा लाख दरवर्षी भरायचेत. एकूण 60 लाख, आणि तुमच्याकडे उरलेत 18.

घरखर्च 36 हजार, चिखलीच्या फ्लॅटचा हप्ता 14 हजार. महिन्याला 50 हजार, वर्षाला सहा लाख. पगार नसेल तर वर्षाने 12 उरतील, त्यातून दुसरा प्रीमियम भरला की सहा. तिसऱ्याच्या वेळी खातं रिकामं, आणि तेव्हाच मुलीच्या कॉलेजची फी. नोकरी सुटलेल्या माणसाच्या गळ्यात असला प्रीमियम मारणं ही फसवणूकच आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही. ‘करमुक्त’ सांगितलं असेल तर तेही खोटं. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक प्रीमियम पाच लाखांवर गेला की मुदतीअंती होणाऱ्या नफ्यावर कर लागतो.

सुटका आहे. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. पॉलिसीची फाईल तुमच्या हाती येऊन 19 दिवस झालेत. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत अर्ज द्या, तारीख-शिक्क्याची पोच घ्या, ईमेलही करा. बँकेतला मुलगा ‘तीन वर्षं तरी ठेवा’ म्हणेल. ऐकू नका. कंपनीने तक्रारीला दाद दिली नाही तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे.

पैसे आले की वर्षभराचा खर्च, सहा लाख, साध्या एफडीत ठेवा. कारखान्याचा मेडिक्लेम संपलाय, तो तिघांसाठी आधी घ्या. पीएफला हात लावू नका.

आता कोर्स. क्लासवाल्यांकडे पंचेचाळिशीनंतर शिकून नोकरीला लागलेल्या तिघांचे फोन नंबर मागा. देणार नाहीत, असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय, शाफ्टवरून बोट फिरवलं तरी फिनिश बिघडल्याचं कळतं. हे सोडून पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत मागे कशाला उभं राहायचं? कॅलिब्रेशन लॅब (मोजमापाची उपकरणं अचूक आहेत का ते तपासणारी), थर्ड पार्टी इन्स्पेक्शन (त्रयस्थ म्हणून माल तपासणं), मशिनची सर्व्हिस ही कामंही सेवाक्षेत्रातलीच, आणि चाकण-तळेगाव तुम्हाला परकं नाही. एक्सेल मुलीकडून शिका. पगार सुरुवातीला 30 हजारच धरा. महिन्याला 20 हजारांची तूट, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. क्लासला जे देणार होतात, त्यात ती भरून निघते.

अर्जाच्या पोचेचा फोटो मला पाठवा.