उस्तादांच्या मागे नको, पुढे राहा

प्रश्न : ताई, मी हर्णैचा. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्कीइंगचे दोन कोर्स केले. आमचे काश्मिरी उस्ताद अफरवट डोंगरावरून पाणी वाहावं तसे उतरतात. मी त्यांच्या मागोमाग निघतो, पण उतार ताठ झाला की पाय थिजतात, अंग डोंगराकडे कलतं आणि आपटतो. त्यांच्यासारखं कसं जमेल?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : वयाने लहान दिसतोस, एकेरीतच लिहिते.

श्रावणात शेवाळलेली पाखाडी उतरताना कोण पडतं? घाबरून मागे रेलतो तो. पायावरचं वजन गेलं की जांभा सोडतो. बर्फावरही तेच. डोंगराला टेकायला गेलास की खालच्या स्कीवरचा भार जातो आणि बर्फात रुतलेली तिची कडेची धार सुटते. मी बेचाळिसाव्या वर्षी अशीच एका कुशीवर घसरत गेले, हातातली एक काठी, म्हणजे पोल, वरच राहिला. तो आणून देताना उस्ताद एवढंच म्हणाले, "मॅडम, पहाड़ को मत पकड़ो." तेव्हा रागच आला होता.

तू त्यांचे पाय बघत असणार. छाती बघ. ती दरीकडेच असते, वळतात ते कमरेखालचे पाय. हात पुढे, आणि वळायच्या आधी खालच्या अंगाला पोल टेकलेला.

नुसती नक्कल मात्र फसवते. सिल्व्हाँ सोदाँ हा स्विस स्कीपटू १९६७ साली फ्रान्समधल्या शामोनीची स्पेन्सर घळ स्कीवरून उतरला, पुढे १९७७ मध्ये आपलं नुन शिखरही. त्याचं वळण गाडीच्या वायपरसारखं : भार टाचांवर, टोकं इकडून तिकडे. ते बघून तू शिकला असतास तर मागे बसायलाच शिकला असतास! त्याचा तोल त्याच्यापाशी होता, आपल्याला टाचा तेवढ्या दिसतात.

म्हणून या खेपेला उस्तादांना सांग, तुम्ही मागे या, मी पुढे जातो. त्यांच्या मागे राहिलास तर वेग त्यांचा, रेघ त्यांची, आणि तुझी चूक त्यांना दिसतच नाही. पहिला अख्खा दिवस साइड-स्लिप कर : स्की उताराला आडव्या, धार किंचित सैल करायची, हातभर घसरायचं, पुन्हा धार रोवून थांबायचं. कंटाळा येईल. पण हवं तिथे थांबता येतं हे पायांना कळलं की थिजणं निम्मं जातं. मग तीन वळणं आणि थांबा. प्रत्येक वळण पूर्ण आडवं संपव, वेग तिथेच मरतो. अरुंद जागी दोन्ही स्की उचलून उडीचं वळण, पण ते उस्ताद म्हणतील तेव्हाच.

आणखी एक. गंडोल्याचा (रोपवेचा) दुसरा टप्पा तुला साधारण ३,९५० मीटरवर सोडतो. ३० ते ४५ अंशांचे जे उतार तुला खुणावतायत, हिमस्खलनं बहुतेक तिथलीच. त्या दिवसाचा इशारा वाचल्याशिवाय आखलेल्या वाटेबाहेर जायचं नाही. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) पाठीवर हवेतच. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं अंगावरचं यंत्र) भाड्याचा असेल तर गंडोल्यात बसण्याआधी बॅटरी बघून घे.