परीक्षण वहीतच राहिलं

प्रश्न : मी साहित्य विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. चित्रप्रदर्शनं बघायला आणि त्यांवर लिहायला आवडतं. एका संपादकांना परीक्षण पाठवलं, तर 'हे कुठल्याही प्रदर्शनाला लागू पडेल' असा शेरा मारून त्यांनी ते परत केलं. मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मग समीक्षा लिहायचा मला अधिकार आहे का? ती शिकायची कशी? आणि त्यावर पोट भरतं का? परीक्षण आणि प्रदर्शनात केलेली टिपणं सोबत जोडते आहे.

उत्तर : टिपणं जोडलीस ते बरं केलंस. नुसतं परीक्षण वाचून मी तुला दुसरंच काहीतरी सुचवलं असतं.

परीक्षणाची सुरुवात अशी आहे : "रंगांची मुक्त उधळण करत कलावंताने मानवी एकाकीपणाचा वेध घेतला आहे." आणि वहीत, गिचमिड अक्षरात : "बारा चित्रं. प्रत्येकात खुर्ची, माणूस एकातही नाही. शेवटच्यात खुर्चीपण नाही, फरशीवर चार पायांचे ठसे." अगं, समीक्षा इथे आहे! नेमकी हीच ओळ लेखात आलेली नाही. 'एकाकीपणा' बहुधा दारात मिळालेल्या पत्रकातून आला असावा. ठसे मात्र तुझे तू पाहिलेस. आणि उधळण कसली? तुझ्याच वहीत लिहिलंय, "सगळं राखाडी, एकच पिवळी उशी."

फ्रेंच लेखक देनी दिदरो १७५९ पासून पॅरिसच्या सलों प्रदर्शनांवर लिहू लागला, तेव्हा त्याचं लिखाण एका हस्तलिखित पत्रिकेतून परदेशातल्या मोजक्या वर्गणीदारांकडे जात असे. त्यांतल्या बहुतेकांच्या नजरेला ती चित्रं पडणारच नव्हती आणि सोबत छायाचित्र असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे काय कुठे आहे, उजेड कुठून येतो, हे त्याला आधी सांगावंच लागे, आवडनिवड त्यानंतर. आज फोनवर फोटो दिसतो म्हणून आपण वर्णन गाळतो. पण चित्र तळहाताएवढं आहे की भिंतभर, रंग पातळ आहे की थापलेला, किती मागे सरकल्यावर ते नीट दिसतं, यातलं काहीही फोटोत धड कळत नाही. न पाहिलेल्या माणसासाठी लिही.

हा दिदरोही चित्रकार नव्हता. शार्दांसारख्या चित्रकारांशी बोलून त्यानं कामातल्या खाचाखोचा समजून घेतल्या. तेवढं तुलाही करावं लागेल. जलरंगात पांढरा भाग म्हणजे बहुतेक वेळा कोरा राखलेला कागद, हे एकदा कळलं की चित्रकारानं हात कुठे आवरला ते दिसायला लागतं. चित्रकारांना बिनदिक्कत विचार, हे कसं केलंत? या प्रश्नाला ते मोकळेपणानं बोलतात. 'यातून काय सांगायचंय?' विचारलंस, की पत्रकच परत ऐकायला मिळतं.

तुझ्या परीक्षणात आणखी एक गोष्ट पूर्ण राहून गेली आहे. तू चित्रांवर लिहिलंस, प्रदर्शनावर नाही. ती बारा चित्रं त्याच क्रमानं कुणी लावली? ठशांचं चित्र शेवटी न ठेवता दारातच लावलं असतं तर? दोन चित्रांत जागा किती होती, दिवा काचेवर चमकत होता का, लेबल वाचायला वाकावं लागत होतं का? मांडणी हीसुद्धा कुणीतरी विचार करून, किंवा न करता, घेतलेली भूमिका असते. तिच्यावर टीका करायला जागा आहे आणि फारसं कुणी ती करत नाही.

झोडपून लिहिण्याचा मोह पुढे होईलच. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किननं १८७७ मध्ये चित्रकार व्हिसलरच्या रात्रीच्या आतषबाजीच्या चित्राबद्दल लिहिलं, की हा गृहस्थ लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे दोनशे गिनी मागतो. व्हिसलर कोर्टात गेला, १८७८ मध्ये जिंकला, आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. वाक्य झणझणीत आहे, लोकांच्या लक्षातही राहिलं. पण चित्रात काय होतं, हे त्यावरून तुला कळलं का?

आता पोटाचं. फक्त परीक्षणांवर घर चालवणारे फार थोडे, तेव्हा तो हिशोब धरू नकोस. या लेखनाला धरून असलेली कामं आहेत : कॅटलॉगचं लेखन आणि संपादन, संग्रहालयात पाहुण्यांना वस्तू समजावून देणं, क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करणाऱ्याला, साहाय्य, कलाविषयक दस्तऐवज सांभाळणं, शिकवणं. कलेतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतलंस तर यांतली बरीच दारं उघडतील, आणि पुष्कळ चित्रं सक्तीनं बघावी लागतील, ते वेगळंच. फक्त 'अवकाशाचं विघटन' वगैरे शब्द घेऊन परत येऊ नकोस. एक पथ्य आत्ताच पाळ : ज्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी पैसे घेतलेस, त्याचं परीक्षण करायचं नाही.

ते प्रदर्शन अजून चालू असेल तर पुन्हा जा. पत्रक घेऊ नकोस, शेवटच्या चित्रासमोर वीस मिनिटं थांब. ते ठसे भोवतालच्या धुळीत स्वच्छ उरलेत, की त्यांच्यावरही धूळ बसली आहे, तेवढं जवळून बघ. टिपणात ते नाही. खुर्ची नुकतीच उचलली की फार पूर्वी, हे त्यावर ठरेल आणि तुझा लेखही.